पिशवीचा दुसरा बंद

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात यांनी कधी माझा हात धरला नव्हता. लग्नात भटजींनी धरायला लावला, तेवढाच. एरवी हे पुढे आणि मी मागे. मुलगी लहान होती तेव्हा तिचा एक हात यांच्याकडे आणि एक माझ्याकडे असायचा, म्हणजे मधे कुणीतरी लागायचंच. मला त्याचं वाईट वाटायचं असंही नाही. आमच्या घाटकोपरच्या चाळीत सगळेच नवरे तसे चालायचे. एखादा बायकोचा हात धरून चालला असता, तर आम्ही बायकांनीच त्याला हसून हैराण केलं असतं.

मग यांचे डोळे गेले. काचबिंदू. एका दिवसात नाही गेले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं धूसर झालं, आणि शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. हे साकीनाक्याला एका गाळ्यात डायमेकर होते. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं ज्या लोखंडी साच्यात तयार होतात, तो साचा बनवायचं काम. केसाएवढा फरक झाला तरी झाकण बसत नाही, असं मला हजारदा ऐकवलेलं. असा माणूस शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर येऊ लागला. मी गुपचूप ती काढून नीट लावायचे.  हे मान थोडी वर करायचे, एवढंच.

डॉक्टरांनी घडीची पांढरी काठी घ्यायला सांगितली. ती आणली आणि दारामागच्या खुंटीला छत्रीशेजारी टांगली. ती तिथेच राहिली.

"काठी घेऊन खाली उतरलो की सगळी चाळ बघणार," हे म्हणाले.

"बघू देत की. तुम्हाला कुठे दिसणार आहे?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. माझी जीभ अशीच आहे, तिला ब्रेक नाही. पण हे हसले, बऱ्याच दिवसांनी. काठी मात्र घेतली नाही. आणि माझा हात धरून उतरणं तर प्रश्नच नव्हता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, रेडिओ कानाशी लावून. ज्या माणसाला खिडकीतून काही दिसत नाही तो खिडकीतच का बसतो, असा विचार करत मी स्वयंपाकघरातून बघत राहायचे आणि मला धडकी भरायची. हा माणूस आता या खुर्चीतून उठायचाच नाही, असं वाटायचं.

पिशवीचा शोध बाजारात लागला. मी कसंबसं मनवून यांना भाजीला नेलं होतं, भिंतीच्या कडेकडेने. बटाटे-कांदे जास्त झाले, पिशवी जड झाली, म्हणून एक बंद यांनी धरला आणि एक मी. आणि मग लक्षात आलं, की हे नीट चालतायत. मी फुटपाथवरून उतरले की पिशवी खाली जायची आणि यांना कळायचं. मी थांबले की पिशवी थांबायची. घरी येईपर्यंत एकदाही ठेच नाही.

दुसऱ्या दिवशी काही आणायचं नव्हतं, तरी पिशवी घेतली. जुन्या पडद्याची शिवलेली, पिवळी, मोठ्या फुलांची. रिकामी पिशवी लोंबते, म्हणून मी तिच्यात पाण्याची भरलेली बाटली टाकली. जिन्याशी येऊन एक बंद यांच्या हाताला लावला. यांनी धरला. "बरीच जड आहे," म्हणाले. मी म्हटलं, "हो ना." यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा-म्हातारी बाजार करून चाललेत.

रविवारी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जायचं, हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने लावलेलं. ती मालवणची. आमची बायकांची भिशी होती. त्या भिशीतल्या सात-आठ जणींना घेऊन ती किनाऱ्यावरचा कचरा उचलायला जायची. मी मोठ्या हौसेने जात होते, पण यांचे डोळे गेल्यावर बंद केलं. तिने वाट पाहिली, आणि एक दिवस दारातच उभी राहून तोफ डागली.

"गो, तू घरात बसान काय त्येंचे डोळे परत हाडतलंस? घोवाकय घेवन ये. पोतो धरूक कोणतरी होयोच!"

घोव, म्हणजे हे, आतून म्हणाले, "पोतं धरायला डोळे लागत नाहीत."

मी वळून पाहिलं. रेडिओ बंद केला होता यांनी.

त्या रविवारी सकाळच्या मेट्रोने आम्ही निघालो, मधे पिशवी, पिशवीत बाटली आणि हातमोजे. साकीनाका आला तसे हे उगाच ताठ बसले. दार उघडलं, बंद झालं. "गाळ्याच्या मागची टपरी उघडली असेल आता," एवढंच म्हणाले. वर्सोव्याला उतरून पुढे रिक्षा. वाळू पायाला लागल्यावर हे थांबले आणि तोंड वाऱ्याकडे केलं. सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. आम्ही कोकणातले, आम्हाला तो वास घरचा.

पोतं धरणं हे खरं काम आहे, कुणी हसू नये. एकट्याने कचरा उचलायचा तर निम्मा वेळ पोत्याचं तोंड उघडण्यातच जातो. वाऱ्याने ते सारखं मिटतं. म्हणून जोडी लागते, एकाने तोंड फाकवून धरायचं, दुसऱ्याने टाकायचं. हे पोतं धरून उभे राहायचे, मी वाकून उचलायचे. आणि मी बालवाडीची बाई. आयुष्यभर पोरांसमोर वस्तू धरून तिचं नाव घेतलेलं. त्यामुळे जे टाकायचे त्याचं नाव आपोआप तोंडातून निघायचं.

"चप्पल. डावी. दोरी. शाम्पूची पुडी. अजून एक पुडी. टूथब्रश. गणपतीच्या मखराचा थर्माकोल."

"मी काय तुझ्या बालवाडीत आहे?"

"गप्प उभे राहा. बाटली, झाकणासकट."

"झाकण दे बघू."

हातमोजा काढून ते झाकणाच्या आतल्या आट्यांवरून अंगठा फिरवायचे. "हे आपल्याकडचं नव्हे," असं म्हणून पोत्यात टाकायचे. एखादं मात्र हातात जास्त वेळ राहायचं. एका रविवारी म्हणाले, "हे माझं असू शकेल." शेजारीण जवळच होती. ती कशाला सोडते? सगळा दर्या तुम्हीच भरून ठेवलात, असं म्हणाली. हे म्हणाले, "वहिनी, मी झाकण बनवलं. फेकलं तुम्ही लोकांनी." त्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तो हिवाळा आमचा फार सुखाचा गेला. मला हे लिहिताना जरा लाज वाटते, पण आमच्या लग्नातली बरीच वर्षं आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. चप्पल, दोरी, पुडी हेच बोलणं, पण बोलणंच ना. घरी येऊन हे दोन पोळ्या जास्त खायचे. पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता, ते मुलीला फोन करून मोबाइलवर बघायला लावायचे. खुर्ची खिडकीतच होती, पण रिकामी असायची.

त्याच हिवाळ्यात ओल्या वाळूत आम्हाला ते रबरी तुकडे सापडू लागले. तळहाताएवढे, गोल, मधे भोक, एका बाजूला फाटलेले. कडा जरा लहरी. वाळूच्याच रंगाचे, हाताला लवचिक. मी पहिल्यांदा उचलला तेव्हा नाव सुचेना.

"रबराचं काहीतरी. गोल."

यांनी मोज्यातूनच चाचपून पाहिलं. "वॉशर आहे. पाण्याच्या पंपाचा. बोटीवरचा असेल."

झालं. त्यानंतर "वॉशर" दिसला की मी उत्साहाने ओरडायचे. एखाद्या रविवारी चार-पाच मिळायचे. हे म्हणायचे, बोटवाले जुने वॉशर सरळ पाण्यात फेकतात, अक्कल नाही. शेजारीणही वॉशर शोधू लागली. आम्ही सगळ्या भिशीवाल्या वॉशर वेचण्यात पटाईत झालो.

मग संक्रांतीनंतरच्या एका ओहोटीला किनारा दाखवायला एक मुलगी आली. समुद्री जिवांचा अभ्यास करणारी, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेली, आवाज बारीक, माणूस गोड. कचरा उचलणाऱ्यांनी किनारा ओळखायलाही हवा, म्हणून त्या दिवशी पोती नव्हती, नुसतं हिंडायचं. तिने खेकड्यांच्या वाळूच्या गोळ्या दाखवल्या, खडकाला चिकटलेली समुद्रफुलं दाखवली. यांना दिसत नाही हे तिच्या लगेच ध्यानात आलं.  जे हातात देण्यासारखं होतं ते आधी यांच्या हातात द्यायची, मग बाकीच्यांना दाखवायची.

"काका, आता हे सांगा काय असेल." तिने ओंजळीभर पाण्यासकट काहीतरी अलगद यांच्या तळहातावर ठेवलं.

हे खूश. मोज्याशिवाय हातात घेतलं, अंगठा फिरवला. "हे आम्हाला विचारता? वॉशर. पंपाचा."

भिशीवाल्या सगळ्या मान डोलावू लागल्या. मुलगी हसली. "सगळ्यांना असंच वाटतं, काका. पण ही अंडी आहेत."

तिने सांगितलं ते असं. मून स्नेल म्हणून एक समुद्रातली गोगलगाय असते, गोल गुळगुळीत शंखाची. ती अंडी घालते तेव्हा आपल्या अंगचा चिकट रस आणि वाळू एकत्र करून ती स्वतःभोवती गुंडाळत जाते. वाळूचं कडंच तयार होतं. त्या वाळूच्या कणाकणांमधे अंडी असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक. मग आई खालून निघून जाते आणि कडं तसंच राहतं. मधे जे भोक दिसतं ना काका, ती म्हणाली, तिथे आई होती.

यांचा अंगठा भोकाच्या कडेवर थांबला.

"आणि हे उचललं तर?"

"पोत्यात गेलं की सुकतं. मग संपलं." ती सहज बोलून गेली. तिला काय ठाऊक?

  यांनी खाली बसून, हाताने वाळू चाचपून, ते कडं ओल्या जागी ठेवलं. परत येताना मेट्रोत साकीनाका आला-गेला, हे ताठ बसले नाहीत.

पुढच्या रविवारी मी पिशवीत बाटली भरली आणि बंद यांच्या हाताला लावला. यांनी धरला नाही.

"तू जा. मी येत नाही."

"अहो, का?"

"आंधळ्या माणसाने पोतं धरू नये. मी वॉशर म्हटलं आणि सगळे वॉशर म्हणत बसले. किती गेले असतील, तुला कल्पना आहे?"

रेडिओ पुन्हा कानाशी. मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. शेजारीण येऊन ओरडून गेली, आमच्या मुलीने फोनवर समजावलं, काही उपयोग नाही. एका संध्याकाळी मी दिवा लावून आले तर हे अंधारात त्या खुर्चीत तसेच, तोंड खिडकीकडे. आणि माझा बांध फुटला.

"तुमचं एकट्याचं दुःख चाललंय होय? डोळे तर माझे होते ना! मी उचलले ते. एकेक. दोन्ही डोळ्यांनी धडधडीत बघून उचलले आणि तुमच्या पोत्यात टाकले. मग मी काय करू? मी पण आणू का एक खुर्ची इथे?"

मी रडत होते आणि भांडत होते, दोन्ही एकदम. यांना रडणं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "इकडे ये. बांगडी दे तुझी."

मी हातातली काढून दिली. यांनी ती बोटांत फिरवली, आतून, बाहेरून. "एवढंच होतं ना साधारण? जरा मोठं. कडा लहरी." मग म्हणाले, "गाळ्यात आम्ही दाब द्यायची जड प्रेस खाली आणायच्या आधी ओरडायचो. 'सोडतो रे!' समोरच्याने 'सोड' म्हटल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. आवाज एवढा असायचा, पण ओरडायचंच. नवीन माणसाला पहिल्यांदा ते शिकवायचो, बाकी काम नंतर."

"मग?"

"मग काय. टाकायच्या आधी सगळ्यांनी ओरडायचं. तू ओरडतेस तसं. पोतं धरणाऱ्याने 'सोड' म्हटलं तरच टाकायचं." बांगडी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, चाचपडत मनगट शोधून स्वतः चढवली. "रविवारी ओहोटी किती वाजता?"

त्या मुलीला ही पद्धत इतकी आवडली की तिने सगळ्यांना गोल उभं करून यांनाच समजावायला लावलं. आमच्या बायकांना ओरडायला काय, निमित्तच हवं असतं. तो किनारा तुम्ही ऐकायला हवा होतात. इकडून "चप्पल!" "सोड!" तिकडून "डबो!" "सोड गो!" मधूनच कुणीतरी "गोल! गोल आहे!" म्हणून किंचाळायचं, आणि सगळ्या हातातलं टाकून तिकडे पळायच्या. निम्म्या वेळा ते खरंच रबर असायचं. कडं असलं की तिथेच ठेवायचं. हे पोतं धरून मधे उभे, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मेट्रोत मला म्हणाले, "आज सगळं दिसलं."

आता शेवटचं सांगते.

होळीच्या आधीचा रविवार. काम संपत आलेलं, पोती बांधून ओळीने ठेवलेली. ती न्यायला ट्रॅक्टर येतो. कोरड्या वाळूत त्याची चाकं रुततात, म्हणून तो पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवरून येतो. लांबून त्याचा आवाज येऊ लागला, आणि तेवढ्यात शेजारीण ओरडली, "गोल!"

कडं होतं. पूर्ण, एवढंसुद्धा फाटलेलं नाही. आणि नेमकं ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीत. त्या अभ्यासवाल्या मुलीने वाकून पाहिलं. निम्मं वाळूत रुतलेलं, उचललं तर मोडणार, म्हणाली. बायका हात हलवून ड्रायव्हरला ओरडू लागल्या. पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार, आणि तो आमच्या ओरडण्याला एव्हाना सरावलेला. त्याने उलट हात हलवला.

"बांबू आहे का कुठे?" हे म्हणाले. बांबू होता, मघाशीच आम्ही बाजूला काढलेला. "रोव तो तिथे. आणि अगं, आपली पिशवी कोणत्या रंगाची आहे?"

"पिवळी."

"बांध वर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. यांच्या उजव्या हातात पिशवीचा बंद होता. घरापासून धरलेला, पोतं खाली ठेवलं की लगेच चाचपून पुन्हा धरायचे तो.

"अगं, बांध ना! येतोय तो."

यांनी बंद सोडला. मी बाटली, मोजे काढले आणि पिशवी बांबूला बांधली. वाऱ्याने ती फडफडली, सगळी मोठी फुलं दिसली. ट्रॅक्टर सरळ येत होता, मग हळू झाला, मग वळला आणि आम्हाला वळसा घालून कोरड्या वाळूतून रखडत रखडत गेला. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला असेल, पण वळला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "काकू, भरती येईपर्यंत मी इथेच आहे. पाणी आलं की बांबू काढते. पिशवी पुढच्या रविवारी देते."

सगळ्या रस्त्याकडे निघाल्या. आम्ही दोघं उभे. दगड, खड्डे, कोळणींनी मासळी वाळत घातलेले बांबूचे मांडव, आणि पुढे रस्ता, रिक्षा, मेट्रोचा जिना. माझ्या हातात नुसती बाटली आणि मोजे. मी मनातल्या मनात शोधत होते, काय द्यावं यांच्या हातात? पदर द्यावा का? मोज्याचं टोक? भिशीवाल्या पुढे जाऊन थांबल्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. शेजारणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

यांनी हात पुढे केला. मोकळा, तळवा वर करून, सगळ्यांसमोर.

"हात दे," म्हणाले.

मी दिला. शेजारणीने तोंड मिटलं. माझी बोटं गार होती आणि वाळूने माखलेली. "पुसते थांबा," म्हटलं. "राहू दे," म्हणाले, आणि घट्ट धरला. रिक्षात सोडला नाही, मेट्रोत सोडला नाही, चाळीच्या फाटकातून आत येतानाही नाही. माझ्या तळहाताला घाम आला होता आणि मी पदर डोळ्यांना लावायलासुद्धा तो सोडवून घेतला नाही.

पुढच्या रविवारी त्या मुलीने पिशवी धुऊन, घडी करून आणली. मी घेतली आणि खांद्याला अडकवली. दोन्ही बंद.